चिलखतातलं चामडं

मृणालने प्रकाशशी लग्न ठरवलं तेव्हा मी ओरडलो होतो, "चामडं कमावणाऱ्यांच्या घरात माझी मुलगी?" प्रकाश दारातच उभा होता. लग्न झालं, पण त्याने आमच्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नाही.

काल संग्रहालयात एका सामुराईचं, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्याचं, चिलखत पाहिलं. काळी चकचकीत लाख, रेशमी दोऱ्या, मिशीवाला मुखवटा. एका ठिकाणी लाख उडून आतलं चामडं दिसत होतं. शेजारच्या फलकावर लिहिलं होतं की हे चामडं कमावणाऱ्यांना जपानमध्ये अपवित्र मानत, त्यांची वस्तीही वेगळी असे. मला त्या चिलखताची किळस आली. ज्याच्या मेहनतीने जीव वाचवायचा, त्यालाच उंबरठ्याबाहेर ठेवायचं! ही कसली मर्दुमकी, आणि हा कसला धर्म? मनातल्या मनात शिव्या देत होतो आणि पायांत माझे चामड्याचे बूट होते.

तसाच मृणालकडे गेलो. दार प्रकाशने उघडलं.

"वाट चुकलात की काय, बाबा?"

"चुकलो होतो, प्रकाशराव. त्या दिवशी मी नीचपणाने बोललो. मला माफ करा."