खपलीला हात लावू नका

माझं माहेर कृष्णाकाठचं. चिखलात खेळून वाढलेली मी, लग्न होऊन आटपाडीच्या माळावर आले तेव्हा पहिल्याच दिवशी विचारून बसले, "ह्यात काय उगवतं, धोंडे?" घरामागचा आमचा माळ म्हणजे बारीक खडी आणि तिच्यामधनं पसरलेली काळपट, खरबरीत साय. एकदा भांड्यांचं पाणी तिच्यावर भिरकावलं आणि काय बाई नवल! बघता बघता काळ्याचं हिरवं झालं. तेव्हापासून मी तिला माळाची खपली म्हणायला लागले. पुढे लेक शेतकी कॉलेजात गेली, तिनं सांगितलं की ही खपली जिवंत असते, शेवाळाची अन् दगडफुलाची; तीच माती धरून ठेवते, जमिनीला खतही देते. माझ्या शेळ्यांचं गवत हिच्याच जिवावर यायचं.

मग आमचे हे फौजेतून रिटायर होऊन घरी आले. सवय काही जाईना. उठल्या उठल्या अंगण झाडायचं, चपला एका रेषेत लावायच्या. कोंबड्या तेवढ्या रांगेत उभ्या राहायच्या बाकी होत्या.

त्याच उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नाला मी माहेरी निघाले. जाताना दारातून ओरडून सांगितलं, "आवं, काय बी करा, पण खपलीला हात लावू नका!"

"न्हाई लावत," हे म्हणाले.

परत आले तर हे दारात छाती फुगवून उभे. अर्धा माळ लख्ख! खडी वेचून कडेला रचलेली, काळी साय फावड्यानं खरवडलेली, खालची भुकटी माती उघडी. "समदी बुरशी आल्ती. साफ केली. उरलेलं उद्या."

माझं डोकंच फिरलं. "मी काय सांगून गेल्ते?"

"आगं, न्हाईच लावला हात!" म्हणत मला कोठीत नेलं आणि खपली गव्हाचं पोतं दाखवलं. तोंड शिवलेलं, जसंच्या तसं. "खीर खायाची लय इच्छा झाल्ती, तरी न्हाई."

मी कपाळाला हात लावला. हसू येत होतं आणि रडूही.

वारा सुटला की भाकरीत माती. पाऊस आला तो साफ केलेल्या अर्ध्यावरून माती घेऊन थेट ओढ्याला गेला. तिथं गवताची काडी उगवली नाही. शेवटी अर्ध्या शेळ्या माहेरी धाडाव्या लागल्या. टेम्पोत त्या ओरडत होत्या आणि माझा जीव तुटत होता.

दुसऱ्या दिवशी यांनी वेचलेली खडी पाटीपाटीनं परत पसरली. मोठे धोंडे चुन्यानं रंगवून उरलेल्या खपलीभोवती छावणीतल्यासारखे रांगेत लावले. एक फौजी दोस्त मोटरसायकल आत घालायला लागला, तर हे अंगावर धावले, "गड्या, चाक भाईर काढ! जित्ती हाय ती!"

यंदा पावसाळा सरताना यांनी मला हाक मारली. खरवडलेल्या अर्ध्यात गुडघे टेकून बसले होते. एका खड्याच्या आडोशाला नखाएवढा काळा ठिपका होता. यांनी ओंजळीतलं पाणी सोडलं. ठिपका हिरवा झाला.

"समदं भराया किती वर्सं लागतील गं?"

"लेक म्हणती, आपुन नसू तवा."

हे गुडघे झाडत उठले. "चुना हाय का घरात?"

आणि त्या नखाएवढ्या ठिपक्याभोवती चार पांढरे धोंडे मांडून आले.