फळ्यावरची पाचवी ओळ

ते नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा नुसतं नाव लिहून जे करून बसले तेवढं पुरे आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. दोंडाईच्याच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा होता. वर्तमानपत्रं दुपारच्या गाडीनं यायची, म्हणून सकाळच्या बातम्या खडूनं फळ्यावर लिहायची पद्धत. वरच्या अर्ध्यात पाच बातम्या, प्रत्येकीला एकच ओळ. खालच्या अर्ध्यात मिरचीचे भाव. लोक थांबायचे ते मिरचीसाठी. मी कॉलेज संपवून ग्रंथपालांच्या हाताखाली लागले होते आणि अक्षर बरं म्हणून फळा माझ्याकडे आला. घरून निघण्याआधी रेडिओवरच्या ठळक बातम्या उतरवून घ्यायच्या, तपशील सुरू झाला की रेडिओ बंद करून पळायचं. पाच ओळींत तपशील मावणार कुठं? या हुशारीचं मला फार कौतुक होतं.

वाचनालयात रोज एक नाना यायचे. फौजेतून निवृत्त, घरची कापसाची शेती, नाक मधोमध बसकं. ते नाक ऑस्ट्रेलियाच्या एका बॉक्सरनं फोडलं होतं. तरुणपणी नाना फौजेच्या संघातून खेळायचे आणि तो पाहुण्या संघाबरोबर आला होता. लढत जिंकली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला आणि ज्या हातमोज्यांनी नाक फोडलं तेच नानांच्या उशाशी ठेवून गेला. तेव्हापासून तीस वर्षं दोघांची पत्रं चालली होती. दिवाळीनंतर नानांचं जायचं, नव्या वर्षात त्याचं उत्तर यायचं. आधी नाना, मग तो; हा क्रम कधी मोडला नाही. मित्राचं नाव नाना इतक्यांदा घ्यायचे की वाचनालयातल्या मांजरालाही ते पाठ झालं असावं.

भाद्रपदातल्या एका सकाळी ठळक बातम्यांतली शेवटची बातमी तीच निघाली. प्रसिद्ध खेळाडू अमुक यांचं अपघाती निधन. तेच नाव, आडनावासकट. माझा चहा बशीत सांडला. रेडिओ बंद केला आणि धावत सुटले. पाचव्या ओळीत बातमी लिहिली. ओळीत जागा उरली होती, म्हणून पुढं लिहिलं, ‘आपल्या नानांचे मित्र’. गावाला ही गोष्ट माझ्यामुळं कळतेय याची ऐट होती त्यात. खोटं कशाला सांगू?

नानांनी फळा वाचला. आत आले नाहीत, तसेच वळून घरी गेले. मला त्यांची दया आली.

दुपारी वर्तमानपत्रं आली. खेळाच्या पानावर फोटो होता. मरण पावलेला माणूस अमेरिकेचा, मोटारसायकलच्या शर्यतीतला, वय सव्वीस.

ते वय मी तीनदा वाचलं. कपाटातून खेळांचा जाडजूड कोश काढला, तर त्यात त्याच नावाचा स्कॉटलंडचा फुटबॉलपटू, न्यूझीलंडचा क्रिकेटपटू आणि कॅनडात बर्फावर हॉकी खेळणारा आणखी एक! मी उभ्या उभ्या चिडले. या लोकांकडं नावांचा दुष्काळ पडलाय की काय? बारशाला यांच्या आत्या करतात तरी काय? खरी चीड माझीच मला आली होती. रेडिओ आणखी पाच मिनिटं चालू ठेवला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं?

तशीच नानांच्या घरी पळाले. नाना अंगणात ओल्या केसांनी बसले होते. नदीवरून अंघोळ करून नुकतेच आले होते. अक्का, म्हणजे त्यांची बायको, चुलीपाशी होत्या. दम खात मी म्हटलं, “नाना, तो दुसराच कुणीतरी होता. तुमचे मित्र जिवंत आहेत!”

“काय सांगस वं माय? जिता शे?”

नाना ताडकन उठले. चेहरा एकदम उजळला. अक्कांना म्हणाले, चहा ठेव, चांगला गोड कर. आणि मग दारात थबकले. हातमोजे टांगायच्या खुंटीकडं बघत राहिले. खुंटी रिकामी होती.

गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवायच्या नाहीत, नदीत सोडायच्या, असा त्यांच्या घरचा रिवाज. मित्र असला तरी तो घरचाच, म्हणून नानांनी हातमोजे आणि तीस वर्षांच्या पत्रांचा गठ्ठा स्वतःच्या हातानं पाण्यात सोडला होता. नदी तेव्हा दुथडी वाहत होती.

“बठ्ठं सोडी दिधं,” नाना म्हणाले. मग अगदी हळू, “पत्ता पाकिटवर व्हता.”

तो पत्ता त्यांना पाठ नव्हता. पत्र कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घ्यायचे, पत्ता मात्र दर वर्षी जुन्या पाकिटावरून स्वतः एकेक अक्षर बघून उतरवायचे. ते मटकन उंबऱ्यावर बसले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. अक्कांनी चहा दिला तो कुणीच प्यालं नाही.

दिवाळीनंतर नुसतं नाव, शहर आणि ‘बॉक्सर’ एवढंच लिहून पत्र पाठवलं. कितीतरी महिन्यांनी ते अपुऱ्या पत्त्याचा शिक्का घेऊन परत आलं. त्या शहरात गल्लोगल्ली तेच नाव असणार. नव्या वर्षात त्याचंही पत्र आलं नाही. नानांचं पोचलंच नव्हतं तर येणार कसं? पुढच्या वर्षीही नाही. फळ्यावर मी आता देश, खेळ, वय, सगळं लिहायला लागले होते. मिरचीच्या भावाला जागा उरेना म्हणून वाचनालयाचे चिटणीस वैतागायचे.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात नाना एक पाकीट घेऊन वाचनालयात आले. म्हणाले, वाच. मी फोडलं. पत्र नानांना नव्हतं, त्यांच्या कुटुंबीयांना होतं. दोन दिवाळ्या पत्र आलं नाही, यावरून माझा मित्र गेला हे मी समजलो, असं त्यानं लिहिलं होतं. बॉक्सिंग शिकायला क्लबात येणाऱ्या पोरांना उभं करून एक मिनिट शांतता पाळली, भिंतीवर फोटो लावला. हातमोजे मात्र जपून ठेवा, तेवढीच विनंती.

मी पत्र खाली ठेवलं. नाना आधी हसले. “त्यानीबी माले मारी टाकं!” आणि हसता हसता सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागले.

मग डोळे पुसून म्हणाले, “लिख. मी जिता शे.”

मी लिहिलं.

“लिख, हातमोजा खुटीवर शेतस. मी रोज पुसस.”

मी मान वर केली. ते दुसरीकडं बघत होते. दोन वर्षं न तपासता एक ओळ लिहिली नव्हती मी. ही मात्र निमूट लिहिली. पत्त्यासाठी कोरं पाकीट पुढं ओढलं तर नानांनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं. पत्ता त्यांनी स्वतः उतरवला, एकेक अक्षर बघून.