लोणावळ्यातला ए

नीट चाललेली गोष्ट ज्यांना बघवत नाही असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते नेमके माझे साडू निघाले. बिघडलेल्या वस्तूकडे साडूभाऊ ढुंकूनही बघत नाहीत. त्यांच्या न्हाणीघरातला नळ माझ्या लग्नाच्या आधीपासून गळतो आहे आणि त्याला कुणी हात लावलेला नाही. स्वयंपाकघरातला नळ मात्र गळत नाही, म्हणून त्यांनी तो दोनदा बदलला. त्यांचा लाडका शब्द 'हलवू'. फ्रिज जरा हलवू, देवघर जरा हलवू. एका वर्षी त्यांनी तुळस हलवायला घेतली. ऊन चांगलं मिळावं म्हणून ती आधी पायरीशी गेली, मग कंपाउंडच्या भिंतीशी, मग गच्चीवर, आणि सगळं घर फिरून पुन्हा मूळ जागी आली. "बघा, आता कशी शोभते," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. नोकरीत असताना ते लोणावळ्याहून लोकलने देहूरोडला जात, तिथल्या लष्कराच्या एका डेपोच्या स्टोअरमध्ये. तिथे त्यांनी काय काय हलवलं हे संरक्षणाचं गुपित असल्यामुळे आम्हाला कधी कळलं नाही. पण निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी आपला हात बराच वेळ हातात धरून ठेवला होता, असं ते अभिमानाने सांगतात. मला वाटतं, तो हात पुन्हा कशाला लागू नये एवढीच त्या साहेबांची इच्छा असावी.

पुतणीच्या लग्नात त्यांनी जेवणाची टेबलं हलवली. गर्दी विभागली जाईल, असा त्यांचा हिशेब होता. झालं असं, की हॉलमध्ये शिरणाऱ्याला आधी आइस्क्रीम लागायचं, मग मठ्ठा, आणि वरणभाताशी पोचेपर्यंत माणूस तृप्त होऊन आहेराचं पाकीट काढायचा. व्याही मंडळींपैकी निम्मे उपाशी गेले. "पण रेटारेटी झाली का कुठे?" साडूभाऊंनी मला विचारलं. झाली नव्हती हे खरंच होतं.

या सगळ्या हलवाहलवीत एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात पक्की, जागची न हलणारी. ती म्हणजे इंग्रजीतलं लोणावळ्याचं स्पेलिंग. व्ही आणि एल यांच्यामध्ये ए हवाच. गावात निम्म्या पाट्या ए घालून रंगवलेल्या आहेत आणि निम्म्या ए गाळून, आणि ए गाळलेली पाटी दिसली की साडूभाऊ स्कूटर थांबवतात. एका चिक्कीच्या दुकानदाराला त्यांनी विचारलं, "शेठ, तुमचा ए कुठे गेला?" तो म्हणाला, "चिक्कीत पडला असेल साहेब, पाव किलो घ्या, निघाला तर तुमचा."

या बाबतीत त्यांना तोडीस तोड भेटले ते आमचे सासरे, नाना. नाना लोणावळ्यातच शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि ए गाळायचे. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा वाद व्हायचा. साडूभाऊ म्हणायचे, "मराठीत व पूर्ण आहे, म्हणजे ए आला." नाना चकलीचा तुकडा मोडून शांतपणे म्हणायचे, "जावईबापू, गावाचं नाव मोठ्याने घ्या बरं." साडूभाऊ लो-णा-व-ळा असं एकेक अक्षर सुटं करून म्हणायचे. "असं कोण बोलतं? तिकिटाच्या खिडकीवर असं म्हणालात तर गाडी जाईल. लोणाव्ळा. कुठाय तुमचा ए?" मग साडूभाऊ ताट घेऊन दुसऱ्या खुर्चीवर जायचे. तेवढंच हलवणं त्यांच्या हातात असायचं.

आता माझ्याकडे येतो. मी तळेगावचा, एका ऑफिसात कारकुनी करून उरलेल्या वेळात घरातल्या माणसांच्या गमतीजमती लिहिणारा. त्यासाठी मी एक ब्लॉग काढला, 'लोणावळ्याचा जावई'. तो सासुरवाडीतच सुरू केला, आणि त्याचा इंटरनेटवरचा पत्ता टाइप करताना नाना शेजारी बसले होते. त्यांनी स्पेलिंग सांगितलं. अर्थातच ए गाळून. माझ्या ब्लॉगला वाचक किती, हे मी कुणाला सांगत नाही. पण एक वाचक पक्का होता, तो म्हणजे नाना. प्रत्येक गोष्टीखाली त्यांची कॉमेंट असायची, आणि प्रत्येक कॉमेंट 'चूक' या शब्दाने सुरू व्हायची. मी लिहायचो, दाखवायच्या कार्यक्रमात मी शिऱ्याची बशी पालथी केली. खाली नाना: 'चूक. शिरा नव्हता, उपमा होता.' आणि त्याखाली सही: नाना, लोणावळा. सगळी कॉमेंट मराठीत, पण गावाचं नाव मुद्दाम इंग्रजी अक्षरांत, ए न घालता. साडूभाऊ ती वाचतात हे त्यांना माहीत होतं.

नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. सासूबाई, म्हणजे आई, थोरल्या लेकीकडे, साडूभाऊंच्याच घरी राहतात. ब्लॉग आपला चालू होता. आणि मग, ज्या कंपनीच्या कम्प्युटरवर तो ठेवला होता, तिची मेल आली, की आम्ही दुकान बंद करतोय, रविवारी संध्याकाळपर्यंत आपापलं सामान दुसरीकडे न्या. मी ही गोष्ट फोनवर साडूभाऊंना बोलून बसलो. पलीकडून लहान मुलाला जत्रेला नेतो म्हटल्यावर निघेल तसा आवाज आला. "हलवायचंय? साडूभाऊ, तुम्ही काही करू नका. फक्त पासवर्ड द्या."

रविवारी सकाळच्या लोकलने मी लोणावळ्याला पोचलो तर ते फाटकातच उभे होते, अंगात बनियन, चेहऱ्यावर तेज. "झालं हलवून," ते म्हणाले. "अगदी सोपं असतं. फाइली म्हणजे सामान. डेटाबेस म्हणजे घरातली बाई. कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त तिला माहीत. सामान टेम्पोत टाकायचं, बाईला पुढे बसवायचं, निघायचं." मी ब्लॉग उघडला. तो भलत्याच पत्त्यावर स्वतःला शोधत फिरायला लागला. साडूभाऊंनी काहीतरी खटपट केल्यावर पान दिसलं. फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी होत्या. आणि मजकुराच्या जागी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, निव्वळ प्रश्नचिन्हं. शीर्षक प्रश्नचिन्हं, गोष्ट प्रश्नचिन्हं, माझं नाव प्रश्नचिन्ह. मी त्याचा फोटो काढून बायकोला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'आधीपेक्षा बरा आहे. निदान विचार करायला लावतो.'

"तुम्ही नक्की काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही. हलवतोच आहोत म्हटलं, तर जाता जाता डेटाबेसची फाइल उघडली, आणि जिथे जिथे ए नव्हता तिथे तिथे ए घातला. एका झटक्यात. शोधा आणि बदला."

म्हणजे ब्लॉगच्या पत्त्यातही ए घुसला होता, आणि तसा पत्ता या जगात अस्तित्वातच नव्हता. वर, त्यांनी ज्या साध्या एडिटरमध्ये फाइल उघडून सेव्ह केली त्याला मराठी येत नव्हतं. न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने इमानदारीत एक प्रश्नचिन्ह ठेवून दिलं होतं. दुसरी प्रत त्यांनी ठेवलेली नव्हती. "घर बदलताना कोणी दोन बायका ठेवतं का?" असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरं सांगायचं तर मला फारसं दुःख झालं नव्हतं. माझ्या गोष्टी पुन्हा लिहिता आल्या असत्या आणि न लिहिल्याने कुणाचं अडलं नसतं. तेवढ्यात आई टॅब्लेट घेऊन बाहेर आल्या. जेवायच्या आधी त्या रोज ब्लॉग वाचतात हे मला माहीत होतं, आणि त्याचा मला छुपा अभिमानही होता. "यांचं लिहिलेलं कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"आई, माझंही सगळं गेलंय," मी म्हणालो.

"तुमचं नव्हे हो. मी खाली सरकवून यांचंच वाचते."

अभिमानाचं काय झालं ते जाऊ दे. आईंच्या हातातल्या काचेवर ती प्रश्नचिन्हं तशीच उभी होती. साडूभाऊंनी उठून शर्ट घातला. "जुनं घर संध्याकाळपर्यंत उघडं आहे," ते म्हणाले. "नवी प्रत आणू."

आणि लाइट गेली. घरात इन्व्हर्टर होता. तो उत्तम चालत असल्यामुळे साडूभाऊंनी गेल्याच महिन्यात माळ्यावर हलवला होता. बॅटरी मात्र अजून जिन्याखालीच होती. मोबाइलची रेंज त्या गल्लीत भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरच येते. मग लॅपटॉप पोटाशी धरून मी स्कूटरवर मागे बसलो आणि आम्ही निघालो शेजारच्या कुरवंडे गावाला. तिथल्या एका आबांच्या अंगणात रेंज चांगली येते असं साडूभाऊ म्हणाले. धुकं इतकं होतं की समोर नागफणीचा सुळका तर सोडाच, स्कूटरचं पुढचं चाकही विश्वासावरच होतं. तशातही वाटेत एका रिसॉर्टच्या पाटीपाशी साडूभाऊंची मान वळली, पाय ब्रेकवर गेला. मग त्यांनी स्वतःच मान सरळ केली आणि गाडी पुढे काढली. प्रसंग किती गंभीर आहे ते मला तेव्हा समजलं.

आबांनी आम्हाला बघितलं आणि आधी गोठ्याकडे बघितलं. "या भाऊ. बसा हितं, रेंज लय हाय. पर काय हलवू नका. मागच्या टायमाला तुमी गोठ्याचं दार हलवलंत, म्हस अजून जुन्या दाराकडं तोंड करून उभी ऱ्हाती."

"नाही आबा, आज फक्त उतरवून घ्यायचंय."

"काय उतरवताय?"

"सासऱ्यांचं लिहिलेलं आहे," साडूभाऊ म्हणाले.

आम्ही ओट्यावर बसलो. आबांनी चहा दिला. स्क्रीनवर ती हिरवी पट्टी थोडी सरके, थांबे, पुन्हा सरके. साडूभाऊ तिच्याकडे असे वाकून बघत होते की जणू मागून ढकलणार आहेत. "लय येळ लागतोय," मी आबांच्याच भाषेत कुरकुरलो. आबा म्हणाले, "म्हातारं मानूस हाय न्हवं? जिना हळूच उतरायचं. घाई करू नका."

पट्टी भरली. साडूभाऊंचा हात फाइलवर गेला. "एकदा उघडून बघू का?" मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि पुढचा सगळा वेळ ते हातांवर बसून राहिले. नव्या कंपनीच्या मदतकेंद्रातली एक मुलगी फोनवर सांगत होती, फाइल अजिबात उघडू नका, जशीच्या तशी चढवा, अक्षरांसाठी मी सांगते तोच पर्याय निवडा. ती सांगे, आणि मी बटणं दाबी. मग मी ब्लॉग उघडला. आधी नुसतं पांढरं पान. मग वरून खाली, एकेक ओळ करत, मराठी यायला लागली. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. साडूभाऊ उठून नाचायच्या बेतात होते, पण म्हशीचा विचार करून त्यांनी तो बेत आवरला. त्यांनी नुसतं बोटाने पान खाली सरकवलं, थेट तळाशी. 'चूक. शिरा नव्हता, उपमा होता.' आणि खाली सही. व्ही, आणि त्याला लागूनच एल. साडूभाऊ त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले. "आहे," एवढंच म्हणाले.

घरी आलो तर लाइट आली होती. आईंनी चष्मा पुसून टॅब्लेट जवळ घेतला, सवयीप्रमाणे माझी गोष्ट ओलांडून खाली गेल्या, वाचलं, आणि हसल्या. "शिराच होता पण," त्या म्हणाल्या. "मीच केला होता."

"मग आई, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं भांडत होतात ना. बरं वाटायचं ऐकायला."

कुरवंड्याच्या त्या स्वारीवर मी पुढच्याच आठवड्यात ब्लॉगवर लिहिलं. नाना गेल्यापासून माझ्या गोष्टींखाली कुणीच काही लिहीत नाही. त्यामुळे सकाळी ऑफिसला निघताना एक कॉमेंट दिसली तेव्हा मी बूट घालता घालता थांबलो. 'चूक. आबांनी चहा दिला नव्हता, ताक दिलं होतं.' खाली साडूभाऊंचं नाव. आणि नावापुढे इंग्रजीत गाव. मी ते दोनदा वाचलं आणि त्यांना फोन लावला.

"साडूभाऊ, सही करताना तुमचा ए राहिला."

पलीकडून स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज येत होता, आणि आईंचा, त्या कुणाला तरी ताकाबद्दल काहीतरी सांगत होत्या.

"राहू दे," साडूभाऊ म्हणाले. "चांगलं चाललंय. कशाला हलवायचं?"