नजीर आला होता

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि आम्ही तर कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळाली तेही एकमेकांना सांगणारी माणसं. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी व्यवस्थित बाई आहे. कौतुक म्हणून नव्हे, पुढचं कळावं म्हणून सांगते. तबूकला आम्ही राहायचो ती दोन हजार सालानंतरची वर्षं. सौदीच्या त्या उत्तर टोकाला मराठी कुटुंबं मोजकीच. कोणाचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कधी संपतो, कोणाच्या मुलाची लस राहिलीय, हळदीकुंकवाला किती वाट्या लागतील — सगळं माझ्याकडे. माणसं नुसतं विचारायची, "सुनंदाताईंनी बघितलंय ना? मग झालं." मला ते ऐकायला आवडायचं. फार आवडायचं.

साबिरा आमच्या वरच्या मजल्यावर. दापोलीकडची. नवरा शहराबाहेरच्या एका मोठ्या शेतीफार्मवर पंपांचं काम बघायचा. माहेरचं तिचं एकच माणूस उरलं होतं आणि तेही समुद्रापलीकडे — धाकटा भाऊ नजीर, इजिप्तमध्ये पर्यटकांच्या बोटीवर स्वयंपाकी. त्याला सौदीचा व्हिसा मिळत नव्हता. आई गेली तेव्हा तो मातीला पोचला नाही. बोट समुद्रात होती, निरोप उशिरा मिळाला, असं त्याने सांगितलं. साबिराने ऐकून घेतलं, पण तिच्या मनात ते बसलेलं नव्हतं. त्याच्याकडे मोबाइल नव्हता; बोट किनाऱ्याला लागली की तोच बूथवरून फोन करायचा, आणि दोघं जपून जपून बोलायची.

म्हणून ती सहल. दुबा बंदरातून सकाळची फेरी, पलीकडे इजिप्तमध्ये गाइडबरोबर दिवसभर फिरणं, संध्याकाळच्या बोटीने परत. ठरवली मीच. नजीर बंदरावर येणार होता. "ताई, तासभर जरी मिळाला तरी पुरे," साबिरा म्हणाली. "त्याच्या तोंडाकडे बघितलं की मला कळेल. लहानपणी खोटं बोलला की कान लाल व्हायचे त्याचे."

सौदीतून बाहेर पडून परत यायचं तर पासपोर्टवर तसा शिक्का लागतो, आणि त्याची मुदत हिजरी तारखेत असते. सगळ्यांचे पासपोर्ट मी तपासले. साबिराचा जुना शिक्का सहलीच्या दिवशीच संपत होता. तो दिवस धरून. चालेल, म्हटलं. कशावरून? स्वयंपाकघरातल्या आपल्या मराठी कॅलेंडरवरून. चौकोनाच्या कोपऱ्यात मुस्लिम तारीख बारीक छापलेली असते ना, ती बघून. पण ती तारीख भारतातल्या चंद्राची. सौदीची तारीख बहुतेकदा एक दिवस पुढे असते. इतकी वर्षं तिथे राहून, दर वर्षी आपल्याकडच्यांच्या आदल्या दिवशी ईद बघून, हे मला माहीत नव्हतं का? होतं. त्या क्षणी सुचलं नाही, एवढंच. साबिरा स्वतः रोजे मोजणारी बाई, तिच्या लक्षात आलं असतं — पण तिने बघितलंच नाही. ताईंनी बघितलं होतं.

दुब्याला अधिकाऱ्याने तिचा पासपोर्ट मिटून बाजूला ठेवला. "खलास. काल संपला."

काल. मला एका क्षणात सगळं कळलं. तिचा नवरा बोट सुटेपर्यंत थांबायचं म्हणून बाहेरच होता, त्यामुळे ती घरी जाऊ शकणार होती. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "शिक्के काढून देणाऱ्या त्या एजंटाने घोळ घातला बघ. बघतेच त्याच्याकडे." हे पहिलं खोटं. पण मला सांगायचंय ते हे नाही.

तिने माझ्या हातात एक रुमालाची पुरचुंडी दिली. आईची जपमाळ, तिची तसबीह. "त्याला द्या. आणि सांगा, मी आले होते. इथपर्यंत आले होते म्हणून सांगा."

बोटीवर सगळे खुशीत होते. आमचा गाइड इजिप्तचा, गमत्या माणूस, मला "मुदीरा" म्हणायचा, म्हणजे मॅनेजरीणबाई. "मुदीरा, माणसं मोजली? समुद्र मोजला?" सगळे हसले, मीही हसले. आणि डोक्यात एकच — नजीर विचारेल, का नाही आली? मी काय सांगू? एजंट? त्याने तारीख विचारली तर? जहाजांवर वावरलेला माणूस, कागदपत्रं कोळून प्यालेला. त्याला चूक कोणाची ते लगेच कळेल. आणि मग तिला कळेल. मग सगळ्यांना.

आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा तो कठड्यापलीकडे उभा होता. फोटोत बघितलेला, ओळखायला क्षणही लागला नाही — साबिराचंच नाक, साबिरासारखीच मान एका बाजूला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचा चेहरा तो बघत होता. माझाही बघितला. मी बसकडे चालू लागले. "यल्ला, यल्ला," गाइड म्हणत होता, आणि त्या घाईचा मला केवढा आधार वाटला. येताना देऊ तसबीह, म्हटलं. येताना निवांत बोलू.

बसमध्ये बसले तेव्हा बाहेरून हाक आली. स्वच्छ मराठीत. "ओ, तबूकवाले का तुम्ही? साबिरा आहे का तुमच्यात?"

माझ्या पुढच्या सीटवर देशपांडेकाका होते. मान वळवून म्हणाले, "कोणी मराठी बोललं का हो?"

"नाही हो," मी म्हटलं. "गाइड ओरडतोय."

हे दुसरं. हे ते.

दिवसभर काय बघितलं ते आठवत नाही. कुठेतरी मासा खाल्ला. परतताना बस बंदरात निघणाऱ्यांच्या फाटकाने थेट आत गेली. येणाऱ्यांचं फाटक पलीकडे राहिलं. तो तिथे असणार हे मला माहीत होतं. शंभर पावलं असतील. वेळही होता. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी सकाळी साबिरा खाली आली. "ताई, भेटला?"

"नाही गं. कोणी दिसलं नाही. मी नीट बघितलं."

पुरचुंडी तिच्या हातात परत दिली. तिने ती सोडूनही बघितली नाही.

दुपारी त्याचा फोन आला. तो काय म्हणाला ते संध्याकाळी तिनेच सांगितलं, माझ्याच ओट्याशी उभं राहून. "म्हणतो, सकाळपासून अंधार पडेपर्यंत उभा होतो. म्हणतो, मराठी माणसं बसमध्ये चढताना बघितली, हाकही मारली. मी म्हटलं, नजीर, ताईंनी बघितलं तिथे. त्यांच्या नजरेतून सुई सुटत नाही, तू सुटलास? आईच्या वेळीही असंच, बोटीवर होतो म्हणालास. रडायला लागला, ताई. मी फोन ठेवला."

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. अगं, होता तो. मी काय केलं माहितीये? चहा टाकला. आणि म्हटलं, "जाऊ दे, काही माणसं अशीच असतात." हे मी म्हटलं. कोणी माझ्याकडून म्हणवून घेतलं नव्हतं. त्या माणसाबद्दल, ज्याचे कान लाल झाले असते की नाही ते मी चांगलं जाणून होते.

तो काही महिने फोन करत राहिला. मग थांबला. साबिराने त्याचं नाव घेणं सोडलं. मला मात्र ती अधिकच धरून राहिली. "माझ्या माहेरचं म्हणाल तर आता तुम्हीच," असं म्हणायची, आणि मी तिच्या मुलीच्या परीक्षांच्या तारखा लक्षात ठेवायची.

नंतर ते कोकणात परतले, आम्ही पुण्यात आलो. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पहिला फोन मला. दापोलीला गेले. घरभर माणसं, अंगणात मांडव. तिचा नवरा चाचरत म्हणाला, "नजीरला कळवायला हवं होतं गं." ती म्हणाली, "कोण नजीर?" आणि कपड्यांचं, खोबऱ्याचं, खारकांचं सजवलेलं ताट उचलून माझ्यापुढे आली.

"मामाकडचा आहेर तुमच्या हातून होऊ दे, ताई. तुमच्याशिवाय कोण आहे?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मुलगी मान खाली घालून बसली होती, मेंदीचे हात पुढे करून.

मी पदर खांद्यावर घेतला आणि ताट मुलीच्या हातात दिलं.