ज्ञानोबाचं पाऊल आणि सबनीस डॉक्टर

सूक्ष्मदर्शकातून मान वर काढली की सबनीस डॉक्टर चष्मा कपाळावर ढकलायचे, तळव्यांनी डोळे दाबायचे आणि म्हणायचे, "दमलो हो नर्सबाई. पुन्हा एकदा बघू." पन्नास सालानंतर काही वर्षं चिंचवडच्या लहानशा दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली होते. इतका दमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका चिवटही.

निघोज्याचा ज्ञानोबा बैलगाडीतून आला, तेव्हा त्याचं पाऊल टम्म सुजलं होतं आणि जागोजागी भोकं पडून वाहत होतं. कधीतरी बाभळीचा काटा आत मोडला होता. पुण्याच्या सर्जननी पाय कापायचा ठरवला होता.

"पाय गेल्यावर ह्यांनी जगायचं कसं?" त्याची बायको सरूबाई विचारत राहिली.

"बुरशी असेल तर कापावा लागेल. जंतू असतील तर औषधानं वाचेल," डॉक्टर म्हणाले. पुवातून पडणारे बारीक दाणे काचेखाली पाहिले की ते कळणार होतं. पण दाणे मिळेचनात. सरूबाई दर खेपेला पाय कढत पाण्यानं धुऊन, हळद भरून, स्वच्छ फडकं बांधून आणायची. न धुता आणा म्हणून बजावलं, तरी तेच.

"तुमच्या म्होरं असला घान पाय कसा धरायचा? लाज वाटती."

मला संताप आला. डॉक्टर नुसते खुर्चीत मागे टेकले. "अहो बाई, मला हवं ते त्या घाणीतच आहे हो."

शेवटी त्यांनी पावलातून मांसाचा तुकडा काढला. मेणात बसवून त्याचे पातळ काप केले, रंग दिला आणि बघत बसले. कापामागून काप गेले, हाती काही लागेना. त्यांची अवस्था मला बघवेना.

"उद्या बघा," मी म्हटलं.

"उद्या त्याला पाय कापायला नेतील. पुन्हा एकदा बघू."

संध्याकाळी त्यांनी मला काचेपाशी बोलावलं. एक गोल दाणा होता आणि त्यात अगदी बारीक धाग्यांचं जाळं. "बुरशीचे धागे जाड असतात. हे जंतू आहेत. पाय राहतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताणानं असेल, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

औषध खूप महिने चाललं. पाऊल जरा वाकडं राहिलं, पण राहिलं. डॉक्टरांची ताकीद एकच होती, "अनवाणी चालायचं नाही. कुठंही."

पुढे काही वर्षांनी डॉक्टर गेले, त्याच खुर्चीत. पवनेच्या घाटाकडे नेताना खांदेकरी सगळे अनवाणी होते. ज्ञानोबाच्या वहाणा तेवढ्या करकरत होत्या.

"अरे, वहाणा काढ की!" कुणीतरी खेकसलं.

"न्हाई," खांदा न सोडता तो म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलंय."