दैवशालाची मोजणी

दैवशालाबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. जालन्याच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर मी एकोणीस वर्षं काढली. ती आली तीन वर्षांपूर्वी, कंत्राटावर, बदनापूरहून रोज रेल्वेने ये-जा करणारी. लहानपणी कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जायची, म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावायला. तिथेच म्हणे बारीक कामाला नजर बसली. मला मेलीला नुसता चष्मा लागला.

जगन्नाथ सरांनी अभ्यास काढला होता. ठणठणीत माणसांनी आठवडाभर ॲलर्जीची गोळी घेतली, तर त्यांच्या पांढऱ्या पेशींच्या कामात फरक पडतो का? गोळीआधी आणि गोळीनंतर रक्त घ्यायचं, त्यात यीस्टचे कण मिसळायचे आणि शंभर पेशींपैकी किती जणींनी कण गिळले ते मोजायचं. ही मोजणी सरांनी दैवशालाला दिली आणि मला नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं! त्या दिवशी मी डबा तसाच घरी परत नेला.

अर्धी माणसं कॉलेजातली होती, अर्धी एमआयडीसीतल्या एका बियाणे प्लांटमधली. ती मिळवून दिली तिथेच कामाला असलेला माझा दीर सोमेश्वर याने. 'कोणतं औषध चालू आहे का?' या प्रश्नापुढे दैवशालाने सगळ्यांचं 'नाही' लिहून घेतलं. पण पहिल्याच मोजणीत घोळ झाला. आमची गोळी सुरू व्हायच्या आधीच प्लांटवाल्यांच्या पेशी कमी कण गिळत होत्या. सरांना वाटलं, दैवशालाच चुकतेय.

त्याच संध्याकाळी सोमेश्वर घरी आला. बोलता बोलता म्हणाला, "वैनी, सीझनमधी बियाण्याच्या धुळीनं लई शिंका येतेत. मंग चहासंगं ॲलर्जीची गोळी सगळेच घेतेत आमच्याकडं. औषध थोडंच हाय ते!"

मला सगळं कळलं. दुसऱ्या दिवशी सरांपुढे मी चकार शब्द काढला नाही.

सरांनी तिला मोजणीवरून उठवलं आणि खुर्ची मला दिली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी त्याच काचा पुन्हा मोजल्या. आकडे तिचेच आले. "अजून खात्री करते, सर," म्हणत मी वही मिटून ठेवली. ती कोपऱ्यात चिठ्ठ्या चिकटवत होती, डोळे सुजलेले. पुढच्या महिन्यात तिचं कंत्राट संपणार होतं, आणि सर ते वाढवतील असं आता कुणालाच वाटत नव्हतं. मला तर वाढवायला नकोच होतं.

चौथ्या दिवशी ती गाडीतून उतरून थेट प्लांटवर गेली आणि पाळी सुरू होताना चहाजवळ उभी राहिली. दुपारी गोळ्यांची रिकामी स्ट्रिप तिने सरांच्या टेबलावर ठेवली.

"सर, मोजणी बराबर होती. चूक विचारण्यात झाली. गोळी घेता का, असं विचारायला पाहिजे होतं मी."

सर म्हणाले, "गोळीमुळेच आकडे उतरले असं इतक्यात म्हणता येणार नाही. पण ही माणसं वगळू, नवी घेऊ. मोजायला तूच बस."

नंतर व्हरांड्यात तिने मला गाठलं. "ताई, सोमेश्वरभाऊ भेटले होते. म्हणले, वैनीला तर म्या चार दिवसांखालीच सांगितलं."

मी सरांच्या दाराकडे बघत विचारलं, "सरांना सांगितलंस?"

"न्हाई. तुमची एकोणीस वर्षं झालीत इथं."

ती आत गेली. तिच्या जागी मी असते तर सांगितलं असतं, तेही तिखटमीठ लावून. यातही ती माझ्या पुढेच निघाली, आणि खरं सांगते, त्या दिवसाइतका तिचा हेवा मला कधीच वाटला नव्हता.