देवीचा खण आणि चार काळे प्लग

त्या दुष्काळात देवीवरची नव्हे, तरी तिच्या न्यायबुद्धीवरची माझी श्रद्धा डळमळली होती. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरी आटल्या होत्या. दोन कोसांवरून पाण्याची टाकी ओढून आणणारा एकमेव ट्रॅक्टर माझ्या मेहुण्याचा, दगडूचा. तोही दमेकऱ्यासारखा धापा टाकू लागला. जुने यंत्र, पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की रॉकेलवर चालवायचे. काळा धूर ओकी आणि भरली टाकी चढावर ओढीना. दिवसाआड येणारे पाणी चार-चार दिवसांनी येऊ लागले. नित्य पूजा करणाऱ्या माझ्यासारख्याच्या गावावर ही वेळ का यावी, असा जाब मी मनोमन देवीला विचारीत होतो.

माझे शिक्षण इयत्ता पाचवीपर्यंतच झाले. तथापि तहसील कचेरीसमोर वीस वर्षे अर्ज लिहिल्यामुळे कोणत्याही बाबीचे मूळ कारण मला तत्काळ उमगते, अशी माझी ठाम समजूत होती. याही बाबीचे मी शोधून काढले. ट्रॅक्टरचे रॉकेल गोदाबाईच्या रेशन दुकानातून येई. विधवा बाई, पदरी दोन मुली, परवान्यावरच घर चाललेले. ‘सदर दुकानदार रॉकेलात पाणी मिसळीत असल्याने गाव तहानलेले असून तिचा परवाना रद्द करण्यात यावा,’ असा अर्ज मी ग्रामस्थांच्या वतीने लिहिला आणि पारावर वाचून दाखवला. ऐकताना लोक संतापले; भराभर सह्या आणि अंगठे उमटले. गोदाबाई दुकानाच्या पायरीवरून एवढेच म्हणाली, “भाऊ, एकदा डबा उघडून तरी बघायचा हुता.” मी उत्तरलो, “जे सांगायचे ते साहेबांपुढे सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज देव्हाऱ्यात ठेवून यश मागितले, तो खिशात घातला आणि दगडूच्या शेजारी ट्रॅक्टरवर बसून पाथर्डीला निघालो. अर्ज देऊन येताना पाणी भरायचे, असे ठरले होते. दूरवर मोहट्याच्या देवीचा डोंगर दिसू लागला आणि यंत्राने दोन उचक्या देऊन प्राण सोडला. रस्त्याकडेला दुष्काळी काम चालू होते. बायाबाप्ये खडी फोडीत होते. दगडूने चारही प्लग काढून टॉवेलवर ओळीने मांडले.

“बघा दाजी, तुमच्या शाईवानी काळे झालेत.”

“थट्टा पुरे. पाणी दिसते का ते बघ.” मला साहेबांपुढे ठेवायला पुरावा हवा होता.

पदराने घाम पुसत एक म्हातारी जवळ आली. “ह्या काय सुपाऱ्या मांडल्यात का रं?”

“प्लग हायेत, आजी. हितं ठिनगी पडती, मंग राकेल पेटतं. काजळी धरली की ठिनगीच पडत न्हाई.”

तिने एक प्लग उचलून अंगठ्याने चोळला, मग दुसरा, मग उरलेले दोन्ही. मी तिला हटकणार होतो, पण तिचे लक्षच माझ्याकडे नव्हते.

“कोरडी हाय की काजळी. राकेलात पानी असतं तर वली लागली असती. आन चारी सारखेच काळे. कंदिलाची काच अशी कवा व्हती? खालची भोकं बुजून वारा कोंडला की. तुमच्या ह्या रेड्याचं नाक कुठं हाय?”

दगडूने हवा ओढणाऱ्या उभ्या नळीकडे पाहिले आणि मान खाली घातली. नळीच्या तोंडाला देवीच्या ओटीतला खण घट्ट गुंडाळलेला होता. दसऱ्याच्या पूजेत तो मीच बांधला होता. धूळ आत जाऊ नये आणि आईचा हात यंत्रावर राहावा, असे दोन्ही हेतू मनात होते. वर ‘हा कोणी सोडायचा नाही’ अशी ताकीद दिली होती. तेव्हापासूनची धूळ आणि तेल बसून खणाचे चामडे झाले होते.

“इतके दिवस बोलला का नाहीस?” मी विचारले.

“तुमी कुनाला बोलू देता व्हय, दाजी? आता तुमीच बांधलाय, तुमीच सोडा. देवीचा कोप माझ्या माथी नगं.”

गाठीला हात लावला आणि तसाच मागे घेतला. डोंगराकडे पाहिले, तो नुसता उन्हात उभा होता. म्हातारी म्हणाली, “सोड रं बाबा. आई काय लेकराचं नाक दाबती व्हय?”

मी गाठ सोडली. दगडूने प्लग पॉलिश कागदाने घासले, पेट्रोलने धुतले, पुन्हा बसवले आणि हँडल मारले. यंत्र खडखडून जागे झाले. थोड्याच वेळात धूर विरळ होत होत दिसेनासा झाला. ती म्हातारी देवी होती, असे मी म्हणत नाही. तिच्या तळहातांना फोड आले होते आणि मुकादम तिला कामावर परत ये म्हणून ओरडत होता. परंतु कचेरी तासाभराच्या वाटेवर असताना मला कोणी थांबवले, या प्रश्नावर मी त्यानंतर कधी कोणाशी वाद घातलेला नाही.

पाथर्डीला न जाता पाणी भरून आम्ही माघारी फिरलो. मी थेट दुकानाच्या पायरीशी गेलो आणि हात जोडून चूक कबूल केली. गोदाबाईने मापटे खाली ठेवले. “भाऊ, माझी बेअब्रू तुमी कागदावर केली, पारावर वाचली. आता तोंडानं नुसतं सांगून भागंल का?”

तिचे म्हणणे रास्त होते. त्या संध्याकाळी मी पारावर बसून कबुलीचा कागद लिहिला. इतरांची गाऱ्हाणी लिहिताना झरझर चालणारी लेखणी ओळीओळीला अडत होती. ‘सदर’ नाही, ‘उपरोक्त’ नाही. साधे शब्दच सापडत नव्हते. शेवटी देवीला म्हणालो, आई, मला येत नाही, तूच लिही. मग चार ओळी आल्या. त्या मी सर्वांसमोर वाचल्या. गोदाबाईने कागद घेतला, घडी करून परवान्याच्या डब्यात ठेवला आणि पुन्हा रॉकेल मापू लागली. आईने माझ्याकडून अहंकाराचा कागद काढून घेतला आणि हा लिहवून घेतला, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे. वीस वर्षांत हजारो अर्ज लिहिले. अर्जदार म्हणून खाली माझे स्वतःचे नाव असलेला तेवढा एकच.